पडदा काळा, यंत्र जिवंत!

संगणकाच्या दुखण्यांत सर्वांत फसवे दुखणे कोणते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, पडदा काळा पडण्याचे! कळ दाबली की पेटीवरचा दिवा लागतो, आतला पंखा घरघरू लागतो, कळफलकावरचा ठिपका लुकलुकतो; म्हणजे यंत्र जिवंत आहे यात शंका नाही. परंतु समोरच्या पडद्यावर अक्षर नाही की चित्र नाही. घरातले वडील म्हणतात, “गेले पैसे पाण्यात!” चिरंजीव म्हणतात, “मदरबोर्ड उडाला.” शेजारचे गृहस्थ चहाचा घोट घेत “व्हायरस असणार” असे ठासून सांगतात. आणि मौज अशी की, बहुतेक वेळा तिघांचेही निदान चुकलेले असते.

माझा धंदा संगणकदुरुस्तीचा आणि मुलूख चंद्रपूर-गडचिरोलीचा. पूर्वी हा सारा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. मुंबईकराचा संगणक बिघडला तर तो लॅमिंग्टन रोड गाठतो, नागपूरकर सीताबर्डीवर जातो. आमच्याकडे भामरागडच्या माणसाने यंत्र उचलून गडचिरोलीला आणावयाचे म्हटले, तर आलापल्लीच्या जंगलातून पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास! गडचिरोलीत काम न झाले तर पुढे नागपूर जवळजवळ तितकेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की तो रस्ताही बंद. अशा मुलखात ‘यंत्र घेऊन या’ हे वाक्य फार महाग पडते. म्हणून आम्हांला टेलिफोनवरची वैद्यकी शिकावी लागते. रोगी तिकडे, वैद्य इकडे, आणि मधला दुवा म्हणजे पलीकडच्या माणसाचे डोळे व बोटे.

या वैद्यकीतला एक भाग आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण सुटे भाग आणून जोडून घेतलेला संगणक, ज्याला बाजारात ‘असेंबल्ड’ म्हणतात, तो आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे.

चित्र काढतो कोण?

आधी एक मूळ गोष्ट समजून घेऊ. पडदा स्वतः काही निर्माण करीत नाही. तो केवळ दाखवितो. चित्र तयार करणारा कारागीर संगणकाच्या पेटीत बसलेला असतो. त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड. हा स्वतंत्र बिऱ्हाड करून राहणारा; त्याची मेमरी वेगळी, पंखा वेगळा, पुष्कळदा वीजही वेगळी. दुसरा म्हणजे यंत्राच्या अंगातच असलेला, ज्याला ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘इंटिग्रेटेड’ ग्राफिक्स म्हणतात. हा एकत्र कुटुंबातला. त्याला स्वतःचे कोठार नाही. संगणकाची जी मुख्य मेमरी, म्हणजे रॅम, तिच्यातलाच थोडा वाटा घेऊन तो आपला संसार चालवितो.

पूर्वी हा कारागीर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये राहत असे. इंटेल कंपनीने १९९९ साली ८१० नावाचा चिपसेट काढला, त्यात अशी सोय होती. स्वस्त संगणकांचा प्रसार होण्यास तिचा मोठा हातभार लागला. २०१० साली हा कारागीर प्रोसेसरच्या शेजारी एकाच तळावर येऊन बसला आणि २०११ पासून तर प्रोसेसरच्याच चकतीत सामावला. म्हणून आज मदरबोर्डच्या पाठीमागे एच.डी.एम.आय.चे भोक दिसले, तरी त्यातून चित्र बाहेर पडेलच असे नाही. भोक मदरबोर्डचे, पण चित्र प्रोसेसरचे! दरवाजा आहे म्हणून घरात माणूस आहेच असे धरून चालू नये.

बाहेरून आत

आमच्या जंगलातला वनरक्षक वाघाचा माग काढताना एकदम दाट झाडीत शिरत नाही. आधी वाटेवरची धूळ पाहतो, मग नाल्याकाठची ओल, मग पुढचे. दुरुस्तीचा क्रमही तसाच असावा. बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे, आणि एका वेळी एकच बदल.

पहिला प्रश्न मी विचारतो, “पडद्यावर अजिबात काही नाही, की ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येऊन जातात?” अक्षरे येत असतील तर पडदा ठीक आहे, त्याला केवळ चित्र पोहोचत नाही. अक्षरेही नसतील तर पडद्याची वीज पाहावी. मग खोलीत अंधार करून, बॅटरीचा झोत तिरपा धरून पडद्याकडे निरखून पाहावे. झोतात पुसट चित्र दिसले, तर चित्र येत आहे, पडद्यामागचा उजेड मात्र गेला आहे. मग पेटी उघडण्याचे कारणच नाही.

दुसरा प्रश्न तारेचा. पडद्याची तार पेटीच्या मागे नेमकी कोठे लावली आहे? वेगळे कार्ड बसविलेले असेल तर तार कार्डाला लावावयाची, मदरबोर्डला नव्हे. कारण कार्ड दिसताच पुष्कळ मदरबोर्ड अंगातल्या कारागिराला रजा देतात. कार्ड नसेल तर अर्थातच मदरबोर्डला. घराची झाडलोट करताना तार निघते आणि परत लावताना चुकीच्या भोकात जाते, हे तर सणासुदीच्या दिवसांतले नेहमीचे.

तिसरी गोष्ट जुन्या पडद्याची. आमच्याकडच्या शाळांत व्ही.जी.ए.चे, म्हणजे पंधरा टाचण्यांच्या निळ्या खुंटीचे पडदे अजून दिसतात. ही रीत १९८७ सालची, आणि तिच्यातून लहरींच्या रूपाने चित्र जाते. एच.डी.एम.आय. ही अंकांची भाषा बोलते. या दोघांना केवळ तारेने जोडून भागत नाही. मध्ये दुभाष्या लागतो. म्हणून ज्यात रूपांतराची चिप आहे असाच कन्व्हर्टर घ्यावा. नुसती खुंटी बदलणारी स्वस्त तार आणली की पडदा काळाच राहतो, आणि बोल मात्र यंत्राला लागतो.

नावामागचे एक अक्षर

कुरखेड्याकडील एका शेतकऱ्याच्या मुलीची हकीकत सांगतो. बारावीनंतर तिला संगणकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. वडिलांनी धानाच्या पैशातून शहरातल्या एका दुकानात यंत्र जोडून घेतले. दुकानात ते झकास चालले, घरी आणल्यावर पडदा काळा. पुन्हा दुकानात नेले, पुन्हा चालले. घरी पुन्हा अंधार! दुसऱ्या फेरीनंतर दुकानदाराने “तुमच्या घरची वीजच खराब आहे” असे सांगून हात झटकले. घरात कुजबूज सुरू झाली की, मुलीच्या शिक्षणापायी पीक गेले. फोनवर तिचे वडील म्हणाले, “पंखा फिरते, लाइट लागते, पन पडद्यावर काहीच दिसत नाही जी. आता पोरीले काय सांगू?”

मी मुलीला फोन द्यावयास सांगितले. “बेटा, प्रोसेसरचे खोके जपून ठेवले आहेस ना? त्यावरचा आकडा वाच बरे.” तिने आकडा वाचला आणि शेवटी एक अक्षर उच्चारले: “एफ.”

सारे कोडे त्या एका अक्षरात होते. २०१९ पासून इंटेल काही प्रोसेसर अंगातल्या ग्राफिक्सवाचून विकते, आणि त्यांच्या आकड्यामागे ‘एफ’ लावते. ते थोडे स्वस्त पडतात. ज्याला वेगळे कार्ड घ्यावयाचेच आहे त्याला ते सोयीचे. ज्याने कार्ड घेतलेले नाही त्याला मात्र ते म्हणजे बैलाशिवाय बंडी. ए.एम.डी. कंपनीची रीत निराळी. तिच्या २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरांत बरीच वर्षे ज्याच्या मागे ‘जी’ असेल त्यातच चित्राची सोय असे. २०२२ च्या ७००० मालिकेपासून बहुतेकांत ती आली, परंतु तेथेही ‘एफ’वाले त्याला अपवाद.

मग दुकानात ते चालले कसे? तिला विचारले तेव्हा उलगडा झाला. दुकानाच्या टेबलावर तपासणीसाठी एक कार्ड नेहमी ठेवलेले असे. ते बसवून यंत्र चालवून दाखवीत आणि परत देताना काढून घेत! यात लबाडी होती की केवळ बेफिकिरी, कोण जाणे. परंतु बिलावर प्रोसेसरचा पूर्ण आकडा लिहिलेला होता आणि कार्डाचे नाव कोठेही नव्हते. ते बिल पुढे करून मुलीनेच दुकानदाराशी बोलणे केले. फरकाची रक्कम घेऊन त्याने प्रोसेसर बदलून दिला. त्या संध्याकाळी आलेल्या फोनवर वडील फारसे काही बोलले नाहीत. पण मागून मुलीचे हसणे ऐकू येत होते, ते मला पुरेसे होते.

तात्पर्य, यंत्र घेताना दोन गोष्टी करा. बिलावर प्रत्येक भागाचा पूर्ण आकडा, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या. आणि जे यंत्र घरी न्यावयाचे तेच, तसेच्या तसे, दुकानात चालवून पाहा.

कोठार एक, खाणारे दोन

आता दुसरा नमुना. वनहक्क कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानाची विक्री स्वतः करू लागल्या. तेंदूचा हंगाम म्हणजे ऐन उन्हाळा. पहाटे पाने तोडावयाची, घरी पुडकी बांधावयाची, संध्याकाळी फळीवर मोजून द्यावयाची. आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावावर हिशेब ठेवावयाचा. हा हिशेब आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर असतो.

एटापल्ली तालुक्यातील अशाच एका गावाहून मे महिन्यात फोन आला. हिशेब ठेवणारा तरुण घाबरलेला. पडद्यावर रंगीत पट्टे येतात, ठिपके नाचतात आणि अर्ध्या तासाने सारे गोठते. चार दिवसांवर चुकारे आले होते. मजुरीची यादी यंत्रात, आणि अंगणात माणसे बसलेली.

गावातील सर्वांचे मत पडले की पडदा फुटला. मी म्हटले, “भाऊ, शाळेतला पडदा तासाभरासाठी आणता येईल का?” आणला. पट्टे तसेच! म्हणजे पडदा निर्दोष. मग विचारले, “यंत्र सुरू होताना डिलीटची कळ दाबून जो बायॉसचा पडदा येतो, त्यातही पट्टे दिसतात का?” दिसत होते. हा प्रश्न फार मोलाचा आहे. बायॉसमध्ये चित्र स्वच्छ आणि विंडोज सुरू झाल्यावरच बिघडत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे आज्ञावलीचा. बायॉसमध्येही बिघडत असेल तर दोष वस्तूत.

अर्ध्या तासाने गोठते म्हटल्यावर पहिला संशय उष्णतेवर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. पंख्यावर धुळीची गादी बसली की प्रोसेसरचा जीव घाबरा होतो. वीज काढून, मऊ कुंचल्याने पंखा व त्याखालच्या जाळ्या साफ करविल्या. गोठणे लांबले, पण पट्टे राहिले. म्हणजे उष्णता हे एक दुखणे, मूळ दुखणे दुसरे.

येथे एकत्र कुटुंबाची गोष्ट आठवा. अंगातला कारागीर रॅममध्ये चित्र रेखाटतो. कोठारातल्या धान्याला कीड लागली तर भाकरीही किडकीच व्हावयाची. त्या यंत्रात रॅमच्या दोन कांड्या होत्या. एक काढविली: पट्टे तसेच. ती लावून दुसरी काढविली: चित्र स्वच्छ! पण एवढ्यावर निकाल देऊ नये. दोष कांडीत की ज्या खाचेत ती होती त्या खाचेत? म्हणून दोषी वाटणारी कांडी चांगल्या खाचेत घालून पाहिली. पट्टे परत आले. म्हणजे गुन्हेगार कांडीच, खाच बिचारी निर्दोष.

खराब कांडी बाजूला ठेवून यंत्र एका कांडीवर चालविले. जोडीने चालणाऱ्या कांड्या रॅमचा रस्ता रुंद करतात, म्हणून अंगातल्या ग्राफिक्सला दोन कांड्या मानवतात. एकीवर काम मंद झाले. पण मंद चालणे आणि बंद पडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यादी छापून निघाली, चुकारे ठरल्या दिवशी झाले. यंत्राची वारी गडचिरोलीपर्यंतसुद्धा करावी लागली नाही.

पावसाळ्यात याच दुखण्याचा सौम्य प्रकार होतो. दमट हवेने कांडीच्या सोनेरी दातांवर मळ चढतो आणि पडदा काळा पडतो. वीज काढून, कांडी बाहेर घेऊन, ते दात शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, कण फुंकरीने नव्हे तर कुंचल्याने झाडावेत आणि ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत कांडी परत बसवावी.

जुनी आठवण पुसा

तिसरी हकीकत वडशाची. देसाईगंज-वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या मंडईत रात्रभर प्रयोग रंगतात. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर जाहिराती करणाऱ्यांना श्वास घ्यावयास फुरसत नसते. अशाच एका चित्रकाराचे ग्राफिक्स कार्ड भाऊबीजेच्या आठवडाभर आधी जळाले. कार्ड काढून त्याने तार मदरबोर्डला लावली, पण पडदा काळाच. प्रोसेसरचा आकडा पाहिला. त्यात चित्राची सोय होती. मग अडले कोठे?

अडले यंत्राच्या आठवणीत. ‘चित्र कार्डातून घ्यावे’ अशी आज्ञा बायॉसमध्ये कधीकाळी नोंदलेली होती. कार्ड गेले, आज्ञा राहिली. आज्ञा बदलावी तर पडद्यावर काही दिसत नाही! अशा वेळी आठवणच पुसावी लागते. मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते; सी.आर. २०३२ असे तिच्यावर लिहिलेले असते, दाब ३ व्होल्ट. भिंतीतली वीज काढावी, बॅटरी बाहेर घ्यावी, सुरू करावयाची कळ काही क्षण दाबून धरावी म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि पाच-दहा मिनिटांनी बॅटरी परत बसवावी. यंत्र कोऱ्या पाटीने उठते.

तसे झाले. मात्र अशा वेळी धीर धरावा. आठवण पुसल्यावर पहिल्यांदा सुरू होताना यंत्र आपली रॅम नव्याने ओळखून घेते. नवीन जातीच्या रॅममध्ये तर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाईने कळ दाबून ते बंद करणारे लोक बरे होणाऱ्या रोग्याला पुन्हा झोपवितात.

पडदा उजळला, पण चित्र ढोबळ, नटनट्यांचे चेहरे ताणलेले. त्याचे कारण, विंडोज अद्याप कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत होते. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर उतरवून घेताच चेहरे ठीक झाले. अंगातल्या ग्राफिक्सवर काम कार्डाइतके जलद होत नाही. पण भाऊबीजेला फलक चौकात लागले होते.

हे मात्र करू नका

पेटी उघडण्याआधी वीज भिंतीतून काढा आणि हात उघड्या लोखंडाला लावून अंगातली स्थिरवीज उतरवा. ज्यात विजेची तार जाते तो वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही त्यात घातक साठा राहतो. प्रोसेसरची खाच पाहिलीत तर तिच्या केसासारख्या टाचण्यांना बोट लावू नका. पंखे फिरतात म्हणून वीज सर्वत्र पोहोचली असे समजू नका. प्रोसेसरजवळची चार वा आठ टाचण्यांची वेगळी खुंटी निघाली असेल, तरी पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. आणि जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसविताना त्याची बायॉस त्या प्रोसेसरला ओळखते की नाही, हे आधी विचारून घ्या.

नव्या मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांचे. सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात. जो लागून राहतो तेथे गाडी अडली. जुन्या यंत्रांत हेच काम ‘बीप’ असा आवाज करतो, परंतु त्याची भाषा कंपनीगणिक निराळी. हा दिवा कोणता, एवढे फोनवर कळले तरी वैद्याचे अर्धे काम होते.

आमच्या चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचे. त्याची वीज दूरदूरच्या शहरांना उजेड देते. परंतु जंगलातल्या गावात उजेड टिकवावयाचा तर विजेबरोबर थोडी माहितीही पोहोचावी लागते. कुरखेड्याच्या मुलीला, एटापल्लीच्या तरुणाला आणि वडशाच्या चित्रकाराला मी काही दिले नाही. त्यांच्याच हातांनी त्यांची यंत्रे बरी केली. हवे होते ते फक्त योग्य क्रमाने विचारलेले चार प्रश्न.

तेव्हा वाचकहो, यंदा घराची साफसफाई करताना संगणकाच्या पेटीचाही विसर पडू देऊ नका. झाकण काढून धूळ झाडा आणि प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅमचे पूर्ण आकडे एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून टाका. पडद्याची तार कोणत्या भोकात होती, तेही त्यावर लिहा. पुढे कधी पडदा काळा पडला, तर तो कागद कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा लवकर धावून येईल.